मानमोडीची वाट : १९१८च्या इन्फ्लुएन्झाविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या साथींविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेली बहुतेक पत्रे १९१८च्या इन्फ्लुएन्झाविषयीच निघाली, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रांतील मजकूर जागेअभावी संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : माझी आजी ‘मानमोडीच्या साली’ घरातली कर्ती माणसे गेली, असे सांगत असे. मानमोडी म्हणजे प्लेगच का? आणि ती आपल्याकडे आली कोठून?
— एक निवृत्त शिक्षिका, वाई

मानमोडी म्हणजे प्लेग नव्हे, ती १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ. प्लेग मुंबईत १८९६ साली आला आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ कुठे ना कुठे डोके वर काढत राहिला. त्यामुळे जुन्या माणसांच्या सांगण्यात या दोन साथींची सरमिसळ झालेली पुष्कळदा आढळते. तरी दोन्ही वेगळ्या काढता येतात. प्लेगच्या आठवणीत मेलेले उंदीर, काखेतली किंवा जांघेतली गाठ आणि गाव सोडून माळावर घातलेल्या झोपड्या हमखास येतात. मानमोडीच्या आठवणीत सणकून चढलेला ताप, मान-पाठ-कंबर मोडून येणे, खोकला आणि चार-पाच दिवसांत लागलेली धाप येते. आजींनी दसऱ्याचा उल्लेख केला असेल, तर शंकेला जागाच उरत नाही, कारण १९१८चा दसरा १५ ऑक्टोबरला होता आणि मुंबई इलाख्यातील मृत्यूंचा कळस त्याच महिन्यात झाला.

आता ती आली कोठून, याविषयी. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन पोलीस रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. हा हिवताप नाही, एवढेच त्या वेळी डॉक्टरांना सांगता आले. पुढच्या आठ-दहा दिवसांत गोदीतील कामगार, पोर्ट ट्रस्टचे नोकर, परदेशी बँका व पेढ्यांतील कारकून, तारखात्यातील माणसे, टांकसाळ आणि कापडगिरण्या अशा क्रमाने माणसे पटापट अंथरुणाला खिळू लागली. या यादीकडे नीट पाहिल्यास गोदी, गोदीशी कामाचा संबंध असलेली कचेरी, कचेरीमागचे शहर आणि शेवटी गिरणगाव, असा साथीचा रस्ता जवळजवळ नकाशावर काढता येतो.

मुंबई महापालिकेचे त्या वेळचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचे मत असे होते की, मे महिन्याच्या अखेरीस बंदराला लागलेल्या एका जहाजाने हा रोग आणला. सरकारी बाजूचे म्हणणे नेमके उलट होते. जहाजावरच्या लोकांना मुंबईतच लागण झाली, म्हणजे दोष शहराच्या घाणीचा, असे ते सांगत. महायुद्ध चालू होते, मेसोपोटेमियाच्या आघाडीकडे आणि तिकडून परत अशी सैन्याची ने-आण मुंबई बंदरातूनच होत होती आणि युरोपात ही साथ आधीच पसरलेली होती. हे सर्व एकत्र ठेवले तर टर्नर यांचेच म्हणणे अधिक पटते. आपल्या जहाजाने रोग आणला हे युद्धकाळात कोणते सरकार आपण होऊन कबूल करील?

जूनची ही लाट जुलैच्या आरंभी शिगेला पोचली आणि ओसरली. तिने माणसे पुष्कळ आजारी पाडली, पण मारली त्या मानाने थोडी. खरा घात सप्टेंबरात सुरू झालेल्या दुसऱ्या लाटेने केला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात, म्हणजे नवरात्राच्या तोंडावर, मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. प्लेगच्या ऐन भरातही शहराने एका दिवसात एवढी प्रेते पाहिली नव्हती. आपल्या आजी सांगत तो घाला बहुधा या दुसऱ्या लाटेचाच असावा.

प्रश्न : आगगाडीने ही साथ देशभर नेली, असे म्हणतात. मग गाड्या थांबवल्या का नाहीत? शिवाय कलकत्ता मुंबईशी थेट रेल्वेने जोडलेले असूनही बंगालमध्ये मृत्यू कमी झाले, हे कसे?
— एक अभियंता, नागपूर

पहिला भाग बरोबर आहे आणि तो त्या काळीही कोणाला नवा नव्हता. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी आपल्या अहवालात रेल्वेचा वाटा स्पष्टपणे मांडला आहे. १९१८ साली देशात पस्तीस हजार मैलांहून अधिक लोहमार्ग होता. या रोगाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते चार दिवस जातात. मुंबईच्या बोरीबंदरावर धडधाकट दिसणारा माणूस तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दाटीवाटीने बसून एका दिवसात नागपूरला उतरे आणि अंथरूण धरी ते घरी पोचल्यावर. वाटेत कोणी तपासले असते, तरी काही हाती लागले नसते. रेल्वेच्या टपालडब्यातील नोकर, तिकीट तपासनीस, हमाल, रजेवर गावी निघालेले शिपाई, गिरणीतून घराकडे परतणारे मजूर हे सगळेच न कळत वाहक झाले. कोकणात रेल्वे नव्हती, म्हणून तिकडच्या लोकांनी सुटल्याचा निःश्वास टाकावा, अशीही स्थिती नव्हती. चाकरमान्यांना रत्नागिरीकडे नेणाऱ्या आगबोटींवर गर्दी काही कमी नसे.

गाड्या थांबवल्या असत्या तर काय झाले असते, याचा विचार त्या सालच्या पावसासह करावा लागतो. १९१८चा मोसमी पाऊस देशभरात सरासरीपेक्षा सुमारे एक-चतुर्थांश कमी पडला आणि पश्चिम व मध्य हिंदुस्थानात खरीप हातचे गेले. धान्य दुसऱ्या प्रांतांतून आणायचे तर ते रेल्वेनेच आणावे लागणार होते, आणि युद्धामुळे वाघिणींचा आधीच तुटवडा होता. भाव इतके चढले होते की, मद्रासेत सप्टेंबर महिन्यात धान्याच्या दुकानांची लूटमार झाली. अशा वेळी गाड्या बंद ठेवल्या असत्या, तर तापाने मरणाऱ्यांत भुकेने मरणाऱ्यांची भर पडली असती. शिवाय ही साथ गंभीर आहे हे सरकारच्या ध्यानी येईपर्यंत पहिल्या लाटेने उत्तरेपर्यंत मजल मारलेली होती. बंदी घालायची तर ती मेअखेरीस बंदरावरच घालायला हवी होती आणि चालू युद्धात ती कोणी घातली नसती. त्यामुळे या बाबतीत सरकारला दोष देताना मला थोडे थांबावेसे वाटते. इतर बाबतींत मात्र नाही. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग सर्वांत मोलाचा आहे. दुसरी लाट मुंबई इलाख्यातून निघाली. ऑक्टोबरात ती दख्खन, गुजरात, वऱ्हाड-मध्यप्रांत आणि मद्रासेत पोचली, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात व नोव्हेंबरात पंजाब आणि संयुक्त प्रांतात आणि त्यानंतर बंगालमध्ये. जिल्ह्याजिल्ह्यांच्या मृत्युनोंदी आठवडावार लावून अलीकडच्या काळात जो अभ्यास झाला आहे, त्यातून एक विलक्षण गोष्ट दिसते. पश्चिमेकडे लाट लवकर आली, थोडे आठवडे टिकली आणि भयंकर उंच गेली. पूर्वेकडे जावे तसतशी ती उशिरा आली, जास्त आठवडे रेंगाळली, पण तिची उंची कमी होत गेली. मध्यप्रांत-वऱ्हाडात हजारी पन्नासाहून अधिक माणसे गेली आणि मुंबई इलाख्यात चाळीसहून अधिक. मद्रास इलाख्याचा आकडा त्याच्या निम्म्याहूनही कमी होता आणि बंगालचा त्याहून खाली.

याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले असे की, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना विषाणूचे रूप बदलते. जो रोगी झटपट आडवा होऊन मरतो तो फार कोणाला लागण देत नाही आणि जो सौम्य तापात हिंडत राहतो तो पुष्कळांना देतो, म्हणून वाटचालीत सौम्य वाण टिकून राहतो. दुसरे असे की, दुष्काळाचा जोर पश्चिम व मध्य भागांत अधिक होता आणि तिथली शरीरे आधीच उपाशी होती. या दोहोंपैकी एकाच कारणाने सगळे उलगडते, असे मला वाटत नाही. पण वऱ्हाड-मध्यप्रांताचा आकडा समोर ठेवला की, दुसऱ्या कारणाकडे पारडे झुकते. रेल्वेने ताप सगळीकडे सारखाच नेला. कोण उठणार आणि कोण नाही, हे बहुधा घरातल्या कणगीवर ठरले.

प्रश्न : देशात या साथीने किती माणसे मेली? कोणी साठ लाख म्हणतो, कोणी सव्वा कोटी, कोणी एक कोटी ऐंशी लाख. एवढा फरक कसा पडतो?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर

फरक पडतो तो नोंदी ज्या रीतीने होत त्यामुळे, म्हणून ती रीत आधी पाहिली पाहिजे. गावात मृत्यू झाला की, त्याची खबर पाटील किंवा कोतवाल देई आणि ती वहीत चढे. मृत्यूचे कारण ठरवायला वैद्य, डॉक्टर कोणी नसे. सरकारी तक्त्यात प्लेग, पटकी, देवी, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, इजा व इतर अशी मोजकी कारणे होती आणि त्यांपैकी एकात मयताला बसवायचे असे. इन्फ्लुएन्झा नावाचा रकानाच नव्हता. साहजिकच १९१८च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एका शब्दाखाली गेले. हिवतापाने मेलेलाही तिथेच आणि न्यूमोनियाने मेलेलाही बहुधा तिथेच.

त्यामुळे इन्फ्लुएन्झाचे मृत्यू थेट मोजता येत नाहीत, ते काढावे लागतात. आधीच्या काही वर्षांत त्या महिन्यांत सरासरी किती मृत्यू होत, ते पाहायचे, १९१८च्या आकड्यातून ते वजा करायचे आणि उरलेले या साथीच्या नावावर टाकायचे. नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ साली पहिला अंदाज केला, त्यात ब्रिटिश हिंदुस्थानातले सुमारे पन्नास लाख आणि संस्थानांतले दहा लाख धरून साठ लाखांचा आकडा निघाला. पण साथीच्या भरात नोंद करणारी यंत्रणाच कोलमडली होती. खबर देणारा कोतवाल अंथरुणात होता किंवा मेला होता, वह्या कित्येक आठवडे कोऱ्या राहिल्या आणि पुढे त्या आठवून आठवून भरल्या गेल्या, किंवा भरल्याच गेल्या नाहीत. १९२१च्या जनगणनेनंतर हे उघड झाले, कारण गावात जेवढी माणसे असायला हवी होती तेवढी ती नव्हती. जनगणना आयुक्त मार्टेन यांनी तेव्हा मृत्यूंचा आकडा सव्वा कोटीच्या घरात नेला. पुढे लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्स्ले डेव्हिस यांनी जनगणनेच्या आधारे वेगळ्या पद्धतीने हिशेब केला आणि तो एक कोटी पंचाऐंशी लाखांपर्यंत गेला. २०१२ सालच्या एका अभ्यासाने ब्रिटिश अमलाखालच्या जिल्ह्यांपुरता सुमारे एक कोटी एकोणचाळीस लाखांचा आकडा काढला आहे.

तेव्हा आपण कोणता आकडा वापरावा? साठ लाखांचा आकडा आता सोडून द्यावा. तो घाईत केलेला आणि अपुऱ्या वह्यांवर उभा आहे. ‘सव्वा ते पावणेदोन कोटी’ असे लिहिल्यास आपल्याला कोणी खोडून काढणार नाही. सर्व देशांत मिळून मृत्यू पाच कोटींच्या आसपास धरले जातात, म्हणजे जगातील मोठा वाटा एकट्या हिंदुस्थानाचा होता. आजच्या भारताच्या सीमांत पाहिले, तर १९११ साली पंचवीस कोटी एकवीस लाख असलेली लोकसंख्या १९२१ साली पंचवीस कोटी तेरा लाख झाली. दहा वर्षांत माणसे वाढण्याऐवजी घटली, असे जनगणनांच्या इतिहासात पुन्हा कधीच झालेले नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. संस्थानी मुलखातील नोंदी ब्रिटिश मुलखाहूनही विस्कळीत होत्या. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे सातारा किंवा अमरावती जिल्ह्याविषयी जेवढ्या खात्रीने बोलता येते, तेवढ्या खात्रीने परभणी किंवा बीडविषयी बोलता येत नाही. तिथे मृत्यू कमी झाले, असा अर्थ यातून कोणी काढू नये.

प्रश्न : गांधीजींना १९१८ साली इन्फ्लुएन्झा झाला होता, असे अनेक लेखांत येते. खरे आहे का?
— एक वाचक, वर्धा

त्या साली गांधीजी अगदी मरणाच्या दारी गेले होते, हे खरे. पण त्यांचा आजार हगवणीचा होता. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव पायपीट करून प्रकृती ढासळल्यावर ऑगस्ट महिन्यात तो बळावला. तो प्रसंग त्यांनी स्वतःच तपशिलाने लिहून ठेवला आहे आणि त्यात इन्फ्लुएन्झाचे नाव नाही. त्यांच्या घराला या साथीची झळ लागली ती दुसऱ्या बाजूने. थोरले चिरंजीव हरिलाल यांची पत्नी गुलाब आणि त्यांचा लहानगा मुलगा या साथीत गेले. हिंदी कवी सूर्यकांत त्रिपाठी ‘निराला’ यांची पत्नीही याच साथीत गेली. तेव्हा निराला ऐन विशीत होते. त्यांनी दलमऊला गंगेत तरंगणाऱ्या प्रेतांविषयी लिहिले आहे. ती अतिशयोक्ती मानण्याचे कारण नाही, कारण सरपण मिळेनासे झाल्याने नद्या प्रेतांनी तुंबल्याचा उल्लेख सरकारी अहवालांतही आढळतो.

प्रश्न : म्हातारी माणसे वाचली आणि तरणीताठी गेली, असे आमच्याकडे सांगतात. बायका जास्त गेल्या, असेही ऐकले आहे. रोग माणसांत एवढा भेद करतो का?
— एक गृहिणी, कोल्हापूर

दोन्ही ऐकिवात गोष्टी खऱ्या आहेत. एरवीच्या फ्लूमध्ये तान्ही मुले आणि वृद्ध दगावतात. १९१८ साली मात्र वीस ते चाळीस या वयात मृत्यू विशेष झाले. असे जगभर झाले आणि त्याच्या कारणांविषयी मतभेद आहेत. तरुण शरीराचा प्रतिकार इतका जोरकस झाला की, त्यातच फुप्फुसे निकामी झाली, असे एक मत आहे. वृद्धांनी त्यांच्या लहानपणी यासारखा एखादा ताप भोगलेला असावा आणि त्यामुळे ते बचावले असावेत, असे दुसरे. प्रत्यक्ष मृत्यू बहुतेक वेळा येई तो फ्लूच्या पाठोपाठ झालेल्या जंतुजन्य न्यूमोनियाने, आणि त्यावर औषध नव्हते. पेनिसिलिन यायला अजून पुष्कळ अवकाश होता. रोगाला कारण एक जंतू आहे, असे तेव्हाचे डॉक्टर समजत होते. माणसातील फ्लूचा विषाणू सापडला तो १९३३ साली.

बायका अधिक मेल्या, ही गोष्ट मात्र जगातल्या इतर पुष्कळ देशांत दिसत नाही, ती आपल्याकडची आहे. तिचे कारण विषाणूत शोधण्यापेक्षा स्वयंपाकघरात शोधावे. घरातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी बसायचे ते सुनेने किंवा सासूने, त्याचे थुंकीचे भांडे उचलायचे ते तिनेच, आणि स्वतःला ताप भरला तरी दळण-पाणी सुटत नाही. जेवायची ती सर्वांच्या मागून, आणि दुष्काळी सालात मागून जेवणाराच्या वाट्याला काय उरते, हे सांगायला नको. या फ्लूमध्ये विश्रांती हाच जवळजवळ एकमेव उपाय होता आणि तो तिला मिळत नव्हता. गरोदर बायकांना तर या तापात धोका फारच मोठा होता. तरुण जोडपी मोडल्यामुळे १९१९ साली देशातील जन्मांची संख्याही लक्षणीय घटली.

रोगाने केलेला आणखी एक भेद आपल्या पत्रात नाही, पण तो सांगितल्यावाचून हे उत्तर पुरे होणार नाही. मुंबई शहरातील या साथीचे मृत्यू जमातवार नोंदलेले आहेत. त्या काळच्या तक्त्यात ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे, त्यांच्यात हजारी ६१.६ माणसे गेली. इतर हिंदूंमध्ये हजारी १८.९, मुसलमानांमध्ये १९.२, पारशांमध्ये ९ आणि युरोपियनांमध्ये ८.३. शहर एकच, हवा एकच आणि महिनाही एकच होता. ऐसपैस बंगल्यात आजाऱ्याला वेगळी खोली देता येते, दुधाचा रतीब चालू राहतो आणि डॉक्टर घरी येतो. चाळीत किंवा झोपडीत आठ-दहा माणसांच्या एका खोलीत खोकणारा कुशीला झोपलेला असतो आणि दुसऱ्या दिवशी रोजावर गेले नाही तर चूल पेटत नाही. ‘रोगाला जात नसते’ असे आपण सहज म्हणून जातो. या तक्त्यापुढे ते म्हणवत नाही.

प्रश्न : प्लेगच्या वेळी सरकारने घरे उपसली, लोकांना जबरदस्तीने छावण्यांत नेले. मग १९१८ साली सरकार गप्प का बसले?
— एक वकील, पुणे

पुण्याहून हा प्रश्न यावा हे योग्यच आहे. १८९७च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, त्याच्या जोरावर पुण्यात सोजिरांनी घराघरांत शिरून जी झडती चालवली तिची परिणती २२ जूनच्या रात्री रँडवर झालेल्या गोळीबारात झाली. तो धडा सरकार विसरले नव्हते. तोच कायदा १९१८ सालीही हाताशी होता, परंतु घरझडती आणि सक्तीचे विलगीकरण यांच्या वाटेला कोणी गेले नाही. फ्लूच्या बाबतीत त्याचा उपयोगही झाला नसता, कारण एका आठवड्यात निम्मी चाळ आजारी पडल्यावर वेगळे करायचे कोणाला?

जबरदस्ती न करणे ठीक झाले. काहीच न करणे मात्र ठीक नव्हते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील पुष्कळ डॉक्टर युद्धावर गेलेले होते. मागे उरले त्यांच्याकडून शाळा बंद ठेवणे, गर्दी टाळा, उघड्या हवेत झोपा, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने गुळण्या करा अशी पत्रके वाटणे, याच्या फारसे पुढे काम गेले नाही. वाचता न येणाऱ्या मुलखात पत्रके वाटून काय साधणार? जे काम झाले ते लोकांनी केले. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी आणि वेगवेगळ्या ज्ञातींच्या मंडळींनी मुंबईत रुग्णालये, दवाखाने चालवले, औषध, दूध, कांबळी घरोघर पोचवली. सुरतेकडे दयाळजी देसाई व कल्याणजी मेहता यांच्या तरुण मंडळींनी खेड्यापाड्यांत औषधे नेली. हेच तरुण पुढे गांधीजींच्या चळवळीत आलेले दिसतात, आणि यात मला योगायोग वाटत नाही. सरकार नसले तरी आपले आपण चालवू शकतो, हा अनुभव त्यांना या साथीने दिला होता.

प्रश्न : २००९ साली पुण्यात आलेला स्वाइन फ्लू हाच का?
— एक वाचक, पिंपरी

हाच नव्हे, पण भाऊबंद म्हणता येईल. दोन्ही विषाणू एच१एन१ या एकाच प्रकारातले. २००९चा विषाणू डुकरांतील निरनिराळ्या विषाणूंची जनुके एकत्र होऊन तयार झालेला होता. भारतातील पहिला रुग्ण त्या वर्षीच्या मे महिन्यात हैदराबादला आढळला, तो विमानाने आलेला. देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला आणि त्यानंतरचे आठ दिवस नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा आपण पाहिल्याच असतील. या दोहोंच्या मध्ये १९५७ साली ‘आशियाई फ्लू’ मद्रास बंदरातून शिरला होता, त्यात सुमारे ४४ लाख रुग्ण आणि सुमारे अकराशे मृत्यू नोंदले गेले. १९१८चे उत्तर वाचून वाचकांनी या आकड्याकडेही सावधपणेच पाहावे. नोंदले गेले तेवढेच त्यात आहेत.

प्रश्न : आमच्या गावात या साथीत किती माणसे गेली, हे शोधायचे आहे. जुनी कागदपत्रे कोठे मिळतील?
— एक ग्रामपंचायत सदस्य, बुलढाणा जिल्हा

हे काम अवश्य करावे आणि ते वाटते तितके अवघड नाही. जातीच्या दाखल्यासाठी जुन्या नोंदी शोधणाऱ्यांची अलीकडे रीघ लागल्यामुळे, ज्या वह्या आपल्याला हव्या आहेत त्या कोठे आहेत, हे तहसील कचेरीतील अभिलेख कक्षाला आता चांगले माहीत असते. विदर्भात ‘कोतवाल बुक’ म्हणून मागावे. पश्चिम महाराष्ट्रात ‘गाव नमुना १४’, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदवही. दोन्हींत तारीख, मयताचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, जात, वय आणि कारण असे रकाने साधारणपणे असतात. मजकूर बहुधा मोडीत असतो, तेव्हा मोडी वाचणारा जाणकार सोबत न्यावा. वही ठिसूळ झालेली असल्यास पाने उलटण्याचा आग्रह धरू नये, स्कॅन केलेली प्रत आहे का, ते आधी विचारावे.

१९१८च्या जून ते १९१९च्या मार्चपर्यंतची पाने पाहावीत. कारणाच्या रकान्यात इन्फ्लुएन्झा शोधू नये. ‘ताप’ किंवा ‘ज्वर’ अशी नोंद मिळेल, आणि ती एकाखाली एक इतकी मिळेल की, पुढे लेखनिकाने नुसत्या खुणा ओढलेल्या असण्याचाही संभव आहे. १९१५, १९१६ आणि १९१७ या सालांतील त्याच महिन्यांची पानेही त्याच बैठकीत मोजून घ्यावीत, म्हणजे एरवी गावात तापाने किती माणसे जात, हे कळेल आणि वजाबाकी करता येईल. वयाचा आणि स्त्री-पुरुषांचा हिशेब वेगळा ठेवावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरातील काही आठवड्यांत एकही नोंद नसेल, तर तेवढे आठवडे गाव सुखरूप होते, असे मानण्याची घाई करू नये. त्या आठवड्यांत कोतवाल कोण होता आणि त्याचे स्वतःचे नाव पुढे कोठे मयतांत आले आहे का, ते पाहावे. पोटासाठी मुंबईला किंवा नागपूरला गेलेले आणि तिथेच वारलेले लोक गावच्या वहीत सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी त्या त्या शहराच्या महापालिकेकडे जन्म-मृत्यू विभागात स्वतंत्र अर्ज करावा लागेल. आपल्याला जे सापडेल ते या सदराकडे पाठवल्यास, मयतांची नावे न छापता, केवळ महिनावार संख्या आम्ही आनंदाने प्रसिद्ध करू.